मी कुणाचं घोडं मारलं?

"मी तुमचं काय घोडं मारलं?" हा प्रश्न मराठी माणूस जन्मात शंभर वेळा तरी विचारतो. विचारणाऱ्याकडे घोडा नसतो, ज्याला विचारायचं त्याच्याकडेही नसतो, त्यामुळे उत्तराची पंचाईत पडत नाही. माझी पंचाईत अशी, की माझ्या शेजाऱ्यांकडे खरोखरीचा घोडा आहे. तो हयात आहे, खाऊनपिऊन सुखी आहे. आणि तरीही गेल्या दसऱ्यापासून शेजारी माझ्याशी असे वागताहेत, की जणू मी तो मारून त्याचं कातडं स्टेशन रोडवर वाळत घातलं आहे.

माझा अपराध सांगतो. दसऱ्याला शेठकडे घोड्याची पूजा होती. चाळीसगावातली निम्मी पेठ आमंत्रणाला मान देऊन आली होती. कुणी नारळ आणला, कुणी झेंडूच्या माळा, एकाने तर घोड्याला शालही आणली. मी एक टोपलं आणि एक फावडं नेलं. रिकाम्या हातानं देऊ नये म्हणून फावड्याच्या दांड्याला झेंडूची माळही बांधली होती. शेठनी फावड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग मला आपट्याचं एक पान दिलं, तेही फाटकं. त्या दिवसापासून आमच्या सामाईक भिंतीपलीकडून "काय गुरुजी, चहा झाला का?" ही हाक बंद आहे.

आता मी माझी बाजू मांडतो. पुरती बत्तीस वर्षं मुलांना गणित शिकवण्यात गेल्यामुळे उत्तर आधी सांगून रीत मागून सांगण्याची वाईट सवय लागली आहे. उत्तर असं: ज्याला फावडं धरण्याची लाज वाटते, त्यानं लगाम धरू नये. आता रीत.

शेठना घोड्याची हौस चढली ती सारंगखेड्याला. तापीकाठच्या ह्या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यात घोड्यांचा मोठा बाजार असतो. राजस्थान-पंजाबकडून, काठेवाडाकडून घोडे येतात. आम्ही धुळे-दोंडाईचा करत तिथं पोचलो. मला बरोबर नेलं होतं ते हिशेबासाठी. पण तिथं हिशेब कुणी विचारत नव्हतं. शेठ एकेका घोड्यापुढं उभे राहून गळ्याखाली देवमण आहे का बघत, डोळ्याखाली वाईट भोवरा नाही ना बघत, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी आहे का बघत. आतल्या बाजूला वळलेल्या कानांची टोकं एकमेकांना टेकतात का हेही झालं. मारवाडी घोड्याची ती खूणच. मी आपला भीत भीत म्हणालो, "शेठ, खूर बघितलेत का? दात?" शेठ म्हणाले, "गुरुजी, घोडा चेहऱ्यावर जातो."

तर तो चेहरा आमच्या शेजारी आला. नाव ठेवलं चेतक. (महाराष्ट्रात घोड्याला दुसरं नाव ठेवायला बहुधा परवानगी लागत असावी.) माझ्याकडेही एक चेतक आहे, बजाजचा. 1972 साली जी स्कूटर बाजारात आली, तिच्या पुढच्या पिढ्यांपैकी एक. ह्या दोन चेतकांची तुलना पुढं करणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

पौष, माघ बरे गेले. फाल्गुनात माशा आल्या.

आमच्याकडे माशा पूर्वी नव्हत्या असं नाही. पण त्या पाहुण्यांसारख्या येत आणि जात. आता त्या बिऱ्हाडाला आल्या. चहात माशी, वरणात माशी, भरतावर माशी. आमच्या सौ.नी खापरावर मांडे केले, तर पुरणापेक्षा माशाच जास्त. आमच्या गावात केकी मूस नावाचे थोर छायाचित्रकार 1989 पर्यंत होते. स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यातून ते कित्येक दशकं सहसा बाहेर पडले नाहीत. त्यांची कारणं वेगळी होती. पण दारं-खिडक्या लावून मीही तसाच आत बसू लागलो, फक्त कला तेवढी निर्माण झाली नाही.

मी भिंतीवरून डोकावलो. पुढच्या बाजूला चेतक उभा. अंगावर मखमली झूल, गळ्यात घुंगरांची माळ, शेपटीची सुरेख वेणी घालून तिला रेशमी गोंडा. आणि मागच्या बाजूला, भिंतीलगत म्हणजे माझ्या स्वयंपाकघरालगत, दत्तजयंतीपासूनची लीद.

मी घरी येऊन पाटीवर गणित मांडलं. साडेतीनशे किलोच्या घोड्याची लीद दिवसाला पंधरा किलो तरी धरा. आठवड्याला एक क्विंटल! आमचे शेठ कापसाचे व्यापारी. कापसाच्या क्विंटलमागे काट्यावर छटाक इकडचा तिकडं होऊ देणार नाहीत. आणि हा दर आठवड्याचा क्विंटल त्यांच्या खिजगणतीत नव्हता. माशी एका वेळेला शंभरेक अंडी घालते, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ह्या शंभरांतल्या निम्म्या माद्या धरून पुढचं गणित मी वर्गात कधी घातलं नसतं. मुलं रडली असती.

पण ह्याच गणितात उपायही आहे. माशीला आठ दिवस लागतात, तर तिला चार दिवससुद्धा देऊ नका. लीद रोज उचला. रोज नाही तर आठवड्यातून दोनदा तरी उचला. दूर खड्ड्यात घाला, वरून माती नाहीतर प्लास्टिक झाका. झाकलेला ढीग आतून असा तापतो की अंडी-अळ्या त्यातच शिजतात, आणि चार-सहा महिन्यांनी जे खत निघतं त्याला केळीवाले दारात येऊन उभे राहतात. जमीन कोरडी ठेवा, कारण मूत आणि सडकं गवत ह्यांच्या चिखलात दुसरी एक माशी वाढते, ती चावते. घरमाशीसारखीच दिसते, पण पायांना डसते आणि घोडा दिवसभर पाय आपटत राहतो. लोक म्हणतात, "काय तेजी घोडा आहे, एक जागी ठरत नाही!" अहो, तेज कसलं, माश्या चावताहेत त्याला!

मोठ्या गोमाशीची गोष्ट तर त्याहून वाईट. ती रक्त पिते आणि एका जनावराचा सर्रा दुसऱ्याला देते. ह्या रोगाचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्यानं 1880 साली डेरा इस्माईल खानला, आपल्याच जुन्या हिंदुस्थानात, घोड्या-उंटांच्या रक्तात शोधला. घोड्याला ताप येत-जात राहतो, पोटाखाली सूज येते, आणि खात असूनही तो वाळत जातो. मालक म्हणतो दृष्ट लागली, आणि गळ्यात काळा दोरा बांधतो.

आता देवानं घोड्याला माशा मारायला एक हत्यार दिलं आहे, शेपूट. तिची आमच्या शेठनी वेणी घालून टाकली होती! मला सांगा, सैनिकाच्या तलवारीला म्यानासकट रेशमी दोऱ्यानं बांधून त्याला लढाईला पाठवावं, तसं झालं की नाही? पण वेणी फोटोत चांगली दिसते. माशा फोटोत दिसत नाहीत.

मी हे सगळं शेठना सांगितलं. तेव्हा आमच्यात बोलणं होतं. शेठना पटलं. माशांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी बघतो तर पाठीवर पंप लावून गडी उभा, आणि पंपात कपाशीवर मारायचं औषध! तो ते घोड्याच्या अंगावर मारणार, इतक्यात म्हातारे बाबा मधे आले.

बाबांची ओळख करून द्यायची राहिली. हे शेठचे मोतद्दार. उभी हयात स्टेशनाबाहेर टांगा हाकण्यात गेली. पुढं रिक्षा आल्या, टांगे गेले, घोडा गेला, फक्त चाबूक धरण्याची बोटांची सवय राहिली. बाबांनी गड्याच्या हातातली नळी खाली केली आणि म्हणाले, "घोडा शे भाऊ, फटफटी नही शे."

एवढंच बोलले. पण त्यात सगळं आलं. ते औषध कातडीतून आत जातं. लाळ गळते, अंग कापतं, पोटात कळा येतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दगावले, ते काही औषध प्याले नव्हते. माणसाची ही गत, तर उघड्या अंगाच्या जनावराची काय? घोड्याच्या अंगावर मारायची औषधं वेगळी असतात, ती जनावरांच्या डॉक्टरला विचारून मारायची. आणि ती मारूनही लीद तिथंच राहिली तर उपयोग शून्य. कारखाना चालू ठेवून दुकानावर छापा घातल्यासारखं. माशीला वारा सोसत नाही म्हणून साधा पंखा लावला, कपाळावर दोऱ्यांची झालर सोडली, शेपटीची वेणी सोडली, तरी निम्मं काम होतं. पण ह्यात मिरवण्यासारखं काही नाही. मिरवण्यासारखं नसलं की आमच्याकडे काम होत नाही, हे माझं सगळं दुखणं आहे.

आता वैशाखाकडे येतो. इथून पुढं मी फिर्यादी नाही, आरोपी आहे.

वैशाखात माझ्या भाच्याचं लग्न होतं. शेठ मोठ्या मनाचे. म्हणाले, "गुरुजी, भाड्याचा घोडा कशाला? आपला चेतक आहे की!" मी माशा विसरलो. मामाच्या वट्टात फुकटचा पंचकल्याणी घोडा म्हणजे काय, हे ज्याला भाचे आहेत त्यालाच कळेल.

नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला. हा मुलगा पुण्यात संगणकापुढं बसणारा. आयुष्यात लाकडी घोड्यावरसुद्धा बसला नव्हता. पायांत सपाट तळाच्या मोजड्या, डोक्याला फेटा, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नारळ. म्हणजे लगामाला हात शिल्लक नाही. पुढं माझा पाच वर्षांचा नातू बसवला होता. तो "सू आली" म्हणून रडायला लागला, म्हणून त्याला उतरवला. त्या सूचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. मागं ट्रकवर भिंतीएवढे कर्णे. बाबा म्हणत होते, "आवाज कमी करा, तंग परत आवळू द्या." घोडा खोगीर घालताना पोट फुगवतो, थोडं चालल्यावर पट्टा सैल पडतो, तेव्हा तो पुन्हा आवळावा लागतो. बाबांचं कोण ऐकतो?

मग फटाक्यांची माळ लागली. घोड्याच्या मागच्या पायांपासून चार हातांवर. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या अगदी मागचं दिसत नाही. जे दिसत नाही ते मागून कडाडलं, की हजारो वर्षांची त्याची बुद्धी एकच सल्ला देते: पळ. चेतक पळाला. फेटा पहिल्याच हिसक्याला उडाला. भाचा घसरला, आणि त्याचा पाऊल रिकिबीत घोट्यापर्यंत अडकलं. पंधरा-वीस पावलं तो फरफटत गेला. बाबांनी लगाम धरला म्हणून एवढ्यावर थांबलं. खांद्याजवळचं हाड मोडलं, डोक्याला चार टाके पडले. घोड्याचा मागचा पाय रस्त्याकडेच्या पत्र्यानं फाटला.

त्या माळेची वात मी पेटवली होती.

गणिताच्या मास्तरनं. ज्यानं शेजाऱ्याला माशीच्या आठ दिवसांचा हिशेब सांगितला, त्यानं चार हातांचा हिशेब केला नाही. का? तर वरात आपली होती. आपल्या हौसेत माणसाला शेपटीमागचं दिसत नाही; ह्या बाबतीत घोडा आणि मालक ह्यांची नजर सारखीच.

नवरदेवाला त्याच संध्याकाळी धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. घोड्याचं कुणाला आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनीच डॉक्टर आणला. वास्तविक पाळीव जनावरांत धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडणारा प्राणी म्हणजे घोडा. आणि गंमत बघा, पूर्वी जखमेवर धनुर्वाताचं प्रतिविष टोचत ते घोड्याच्याच रक्तापासून काढलेलं असे. सर्पदंशावरचं औषध तर आजही घोड्याच्या रक्तापासून करतात. आपल्या हाफकिन संस्थेचं नाव त्यासाठीच घरोघर झालं. कापूस वेचताना ज्यांना साप चावला आणि जे वाचले, अशा किती जणांच्या अंगात घोड्याचं देणं आहे! त्या घोड्याला आपण दुसऱ्या दिवशी आठवतो.

ह्यावर मला जी उत्तरं मिळाली ती लिहून ठेवतो.

पहिलं: "हौसेला मोल नसतं." असतं. ते दुसरा देतो, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

दुसरं: "महाराजांचे मावळे काय हेल्मेट घालून घोड्यावर बसत होते?" मग शिरस्त्राण म्हणजे काय, स्वयंपाकाचं भांडं? लढणारा माणूस डोकं झाकत होता. मिरवणारा माणूस डोकं सजवतो. माझ्या बजाजच्या चेतकवर हेल्मेटशिवाय बसलो तर 1988 चा मोटार वाहन कायदा मला अडवतो. स्कूटर फटाक्याला बुजत नाही, किक मारली तर मीच मारतो, ती मला मारत नाही. तिच्यावर शिरस्त्राण सक्तीचं, आणि स्वतःचं मन असलेल्या चेतकवर मात्र नऊ वार कापड!

तिसरं उत्तर शेठचं, आणि तेच खरं पोटातलं: "आपल्यासारख्यानं लीद उचलायची? लोक काय म्हणतील?" शेठ, विराटाच्या घरी अज्ञातवासात नकुलानं ग्रंथिक नाव घेऊन घोड्यांची चाकरी केली. वर्षभर. तो राजपुत्र होता, पंडूचा मुलगा होता, आणि देखणा तर इतका की विचारू नका. त्यानं काय तिथं वर्षभर घोड्यांचे फोटो काढले असतील?

कुणी म्हणेल, एवढं आहे तर घोडेच बंद करा. मुंबईत व्हिक्टोरिया बेकायदा असल्याचा निकाल 2015 साली उच्च न्यायालयानं दिलाच की. मी तसं म्हणत नाही. आमच्या गावात आता दिसणारा घोडा एवढाच उरला आहे. मुलं त्याला बघायला भिंतीवर चढतात, मीही चढतो. माझं म्हणणं एवढंच, की घोडा ठेवायचा तर तो पुढून आणि मागून असा अख्खा ठेवा. लीद रोज उचला. महिन्याला त्याचा खूर सेंटीमीटरभर वाढतो, तेव्हा दीड-दोन महिन्यांनी नालबंदाला बोलवा. धनुर्वाताची लस वेळेवर द्या. रोज फिरवा, घोडा का अडला, ह्याचं उत्तर बिरबलाच्या गोष्टीपासून एकच आहे, न फिरवल्यामुळे. जवळ जाताना खांद्याच्या बाजूनं, तोंडानं आवाज देत जा. बसणाऱ्याच्या पायात टाच असलेला बूट हवा, रिकिबीत फक्त पुढचा चवडा हवा, दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. नवरदेवाला बसवायचंच असेल तर हेल्मेट घालून आणि आधी आठ दिवस सराव करून बसवा. हेल्मेटवर फेटा बांधा, मी अडवत नाही. कर्णे दूर, फटाके बंद, आणि पुढं मूल नको. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात. मी म्हणतो, घोड्याच्या मागं जावं. रोज सकाळी, आवाज देऊन, हातात फावडं घेऊन जावं.

म्हणून मी ते फावडं नेलं होतं. टोमणा होताच, नाही म्हणत नाही. पण निम्मा माझा मलाच होता. वैशाखात मी काडी पेटवली. दसऱ्याला फावडं नेलं. ह्यालाच वरातीमागून घोडे म्हणतात.

अबोला अजून आहे. परवा पहाटे सहाला भिंतीपलीकडून फरशी खरवडल्याचा आवाज आला. बाबा असतील म्हणून मी सहज डोकावलो. बाबा कट्ट्यावर बसून विडी ओढत होते आणि बोटानं "ते राहिलं, तिकडं" असं दाखवत होते. फावडं शेठच्या हातात होतं. दांड्याला माझी झेंडूची माळ वाळून तशीच होती. चेतकच्या शेपटीची वेणी सुटली होती, आणि त्यानं ती सुटी शेपूट शेठच्या तोंडावर मारली. माशी असावी.

शेठनी मला बघितलं नाही. किंवा बघितलं असेल, पण बोलले नाहीत. मीही गुपचूप खाली उतरलो आणि सौ.ला म्हणालो, "आज स्वयंपाकघराची खिडकी उघडून बघ."